पुढून टकटक, ब्रेक मारताना धप्प: लिंक रॉड, लोअर आर्म की शॉकअप?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

गाडी: मारुती स्विफ्ट डिझेल, २०१४ चं मॉडेल, ९२,००० किमी. वापर मुख्यतः चिपळूण–कराड, म्हणजे कुंभार्ली घाट, आणि बाकी गावातले खड्ड्यांचे रस्ते. पुढचं सस्पेन्शन अजून एकदाही उघडलेलं नाही.

लक्षणं अशी:

२० ते ३० च्या वेगात खडबडीत रस्त्यावर पुढे डावीकडून कोरडी टकटक येते. वेग ५० च्या वर गेला की ऐकू येत नाही, किंवा इतर आवाजात बुडते. घाटात उतरताना ब्रेक मारला की पायाखाली एकदाच धप्प होतं. रिव्हर्सला थोडं मागे येऊन ब्रेक मारला तरी तसंच. डाव्या पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली आहे. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर एका बाजूला खेचत नाही, पण खड्ड्यातून गेल्यावर गाडी जरा भरकटते आणि सावरावी लागते.

गॅरेजमध्ये एक चक्कर मारून सांगितलं की दोन्ही स्ट्रट (स्प्रिंगसकट शॉकअप), दोन्ही माउंट (स्ट्रटचा वरचा आधार), दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे हात), लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारच्या टोकाची छोटी दांडी) असा पुढचा सगळा सेट बदला. गाडी वर घेऊन कुणी पाहिली नाही. खरंच सगळं बदलायला लागेल का? घरी जॅक, दोन घोडे (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि साधे पाने आहेत. त्यावर काय काय तपासता येईल?

टॉर्कपाना

गाडी वर न घेता सांगितलेल्या यादीवर पैसे खर्च करू नका. कुठला पार्ट कुठे हलतोय हे हाताने दाखवता आलं पाहिजे. सस्पेन्शनचा प्रत्येक आवाज ठरावीक परिस्थितीतच येतो, आणि ती परिस्थिती नीट पकडली की अर्धं निदान बसल्या जागी होतं. तुम्ही लक्षणं नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे काम सोपं आहे. माझा अंदाज: टकटक लिंक रॉडची, धप्प डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशची (बुश म्हणजे सांध्यातलं नळीवरचं रबर). पण तपासूनच ठरवा.

सुरुवात सस्पेन्शनच्या बाहेरून करा. डिकीतला जॅक आणि पाना सैल आहे का, सायलेन्सरचा पत्रा हलतोय का, बॅटरीचा क्लॅम्प घट्ट आहे का ते बघा. मग त्याच खराब रस्त्यावर १५–२० च्या वेगात जाताना डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा. टकटक लगेच थांबली तर ती ब्रेक पॅडची किंवा कॅलिपरच्या सैल पिनची आहे. हे करायला दोन मिनिटं लागतात. ते न केल्यामुळे चांगले शॉकअप बदलले जातात आणि आवाज तसाच राहतो.

आता लिंक रॉड. स्टॅबिलायझर बार दोन चाकांना जोडतो आणि एक चाक वर, दुसरं खाली असं झालं तरच पिळला जातो. म्हणून रुंद स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम सरळ नेली तर बार नुसता फिरतो, लिंकवर फारसा जोर येत नाही आणि आवाज जवळपास नसतो. तोच स्पीडब्रेकर तिरका घेतला, किंवा फक्त डावं चाक खड्ड्यात घातलं, की लिंकचा झिजलेला बॉल सॉकेटमध्ये आपटतो. दोन्ही प्रकारे जाऊन बघा. सरळ गेल्यावर शांत आणि तिरकं गेल्यावर टकटक असेल तर लिंक किंवा बारचे बुश, हे जवळपास नक्की.

हातानेही बघता येतं, पण एक चाक जॅकवर लटकवून बघू नका. तेव्हा बार पिळलेला असतो, लिंक ताणाखाली असते आणि तिचा प्ले (ढिलेपणा) दडून बसतो. चाकं जमिनीवर ठेवा, स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाकामागून हात घालून लिंक झटक्याने हलवा. खात्रीच करायची तर दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवून पूर्ण काढून ठेवा आणि चढउतार नसलेल्या, मोकळ्या पण खडबडीत रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने थोडं फिरून या. आवाज गेला तर दोष तिथेच आहे. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा घाटात किंवा हायवेला मुळीच नेऊ नका.

लोअर आर्म असा बघा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, पुढचा भाग उचलून घोड्यांवर ठेवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच शिरू नका. आर्मला आतल्या बाजूला दोन बुश असतात. पुढचा लहान, मागचा मोठा. ब्रेकचा जोर चाकाला मागे ढकलतो आणि तो बराचसा मागचा मोठा बुश झेलतो. टॉमी (लांब लोखंडी सळई) आर्म आणि क्रॉसमेंबरच्या (आर्म ज्याला बसतो त्या आडव्या भागाच्या) फटीत घालून आर्म पुढे-मागे रेटा. रबर थोडं दबणं ठीक. रबर धातूच्या नळीपासून सुटलेलं दिसलं, चिरेत नख आत जात असेल, किंवा आर्म खट्ट करून सरकत असेल तर बुश गेला. काही गाड्यांच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तो फुटला की बुशखाली काळपट ओघळ दिसतो. ब्रेक मारल्यावर आणि रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर एकेकदा धप्प होणं, खड्ड्यानंतर गाडी भरकटणं, टायरची आतली कड झिजणं, ही तिन्ही लक्षणं एकाच बुशने होऊ शकतात, कारण आर्म सरकला की चाकाचा कोन चालत्या गाडीत बदलत राहतो.

आणि गाडी वर आहे तोवर बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा फिरता सांधा) नक्की बघा. बाकी पार्ट खराब झाले तर त्रास होतो. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. चाक लटकलेलं असताना टॉमीने आर्म आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) यांच्यामध्ये वर-खाली रेटून बघा. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात असलेल्या) गाडीत इथे डोळ्याला दिसेल इतका प्ले म्हणजे बदलायची वेळ झालेली आहे. जॉइंटचा रबरी बूट (आवरण) फाटला असेल आणि आत चिखल-पाणी गेलं असेल तर प्ले नसला तरी तो पार्ट पावसाळ्यात टिकणार नाही.

चाक हलवून बघायची पद्धत: घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रट. ९ आणि ३ च्या जागी प्ले असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचं टोक) किंवा स्टिअरिंग रॅकच्या आतला जॉइंट. रबरी बेलोज (रॅकच्या टोकावरचं घड्यांचं आवरण) बाहेरून चिमटीत धरला की आतल्या जॉइंटची टकटक हाताला लागते.

स्ट्रट माउंट आणि बेअरिंग: गाडी उभी, इंजिन चालू, कुणीतरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावं. बॉनेट उघडून वरच्या माउंटवर बोटं ठेवा. बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग थोडी पिळली जाते आणि मग झटक्याने सुटते. ‘डुंग’ असा आवाज येतो आणि हाताला धक्का लागतो. काही गाड्यांत माउंट वायपरखालच्या प्लास्टिकआड असतं, ते काढावं लागेल. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालू नका.

शॉकअपचं शेवटी बघा. बॉनेट दाबून सोडायची परीक्षा अगदी ढोबळ आहे. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला हे नक्की, पण एकदाच उसळून थांबली म्हणून तो चांगला असं म्हणता येत नाही. रॉडच्या सीलखाली धुळीने माखलेला नुसता ओलसर थर असणं चालतं. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर बदला. टायरच्या घेरावर हात फिरवा. ठरावीक अंतरावर खळगे लागत असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, म्हणजे शॉकअप दमले आहेत.

तपासून निकाल लिहा, मग पुढचं बोलू.

म्हापसावाट

वरच्याशी सहमत. दोन गोष्टींची भर घालतो, किनाऱ्याकडच्या गाड्यांसाठी.

स्प्रिंग बघायची राहू देऊ नका. खारी हवा आणि चिखल स्प्रिंगच्या खालच्या वाटीत साचतो, रंग उडतो आणि सगळ्यात खालचा वेढा तिथेच मोडतो. तुकडा वाटीतच अडकून राहतो म्हणून वरवर बघून कळत नाही. सपाट जागी, टायरमध्ये हवा सारखी करून, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. १० मिमीच्या वर फरक आला तर स्प्रिंगची दोन्ही टोकं टॉर्च मारून नीट बघा.

दुसरं, पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. पत्र्याला त्याचा फायदा वाटत असेल, पण बुशचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. कुरकुर थांबवायला बुशवर ग्रीस चोपडणंही तेच. रबराला चालतं ते सिलिकॉन ग्रीस. कुरकुर नेमकी कुठल्या बुशची हे शोधायचं असेल तर साध्या पाण्याची फवारणी एकेका बुशवर करत गाडी दाबून बघा. ज्याच्यावर पाणी मारल्यावर कुरकुर थोडा वेळ गप्प होते तो दोषी.

वाशिष्ठीकाठ

सगळं क्रमाने करून पाहिलं. निकाल:

ब्रेक हलका दाबून टकटक थांबत नाही, म्हणजे पॅड नाहीत. स्पीडब्रेकर सरळ घेतला तर शांत, तिरका घेतला तर टकटक. दोन्ही लिंक काढून फिरल्यावर टकटक पूर्ण गेली, धप्प मात्र राहिलं. डाव्या आर्मच्या मागच्या बुशचं रबर जवळजवळ अर्ध्या घेराला नळीपासून सुटलं आहे, टॉमी लावली की आर्म उघड सरकतो. उजवीकडचा बुश ठीक, पण उजव्या बॉल जॉइंटचा बूट फाटला आहे, प्ले नाही. स्ट्रट कोरडे, माउंटला धक्का नाही, स्प्रिंगची दोन्ही बाजूंची उंची सारखी, टायरच्या घेरावर खळगे नाहीत.

म्हणजे लिंक दोन्ही आणि डावा आर्म. उजव्याचं काय करावं? नुसता बूट मिळतो का? आणि बुश दाबून बसवून घ्यावा की आर्म पूर्ण नवा घ्यावा?

टॉर्कपाना

छान तपासलंत. स्ट्रट आणि माउंट यादीतून गेले, म्हणजे त्या यादीतला सगळ्यात महाग भाग वाचला.

डाव्या बाजूला आर्म पूर्ण घ्या. ९२,००० किमी झालेल्या आर्मचा बॉल जॉइंटही तितकाच जुना असतो आणि तो आर्ममध्येच पक्का बसवलेला असतो. बुश प्रेसवर नवा बसवला आणि पुढच्या वर्षी बॉल जॉइंट गेला तर मजुरी आणि अलाइनमेंट दोन्ही पुन्हा. नुसता बुश बसवायचाच झाला तर हायड्रॉलिक प्रेसवर, आणि दिशा पाळून: मोठ्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्या ठरावीक दिशेलाच यायला हव्यात. जुना काढण्याआधी आर्मवर खूण करा. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका बसतो आणि काही महिन्यांत फाटतो.

उजवा आर्मही बदला असं मी म्हणेन. नुसता बूट बाजारात मिळतो, पण आत किती दिवस पाणी गेलंय ते कळायला मार्ग नाही, आणि आत शिरलेली वाळू नवीन ग्रीस भरून निघत नाही.

रबरबुश

उजव्या आर्मबद्दल माझं मत वेगळं आहे. प्ले शून्य आहे, बुश चांगला आहे. आर्म जोडीनेच बदलला पाहिजे असा नियम नाही. तो नियम शॉकअप आणि स्प्रिंगला लागू होतो, कारण तिथे डाव्या-उजव्याची ताकद सारखी नसेल तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी दोन बाजूंना वेगळी वागते. आर्मचं तसं नाही. पैशाची ओढाताण असेल तर उजव्याचा बूट बदलून दर ५,००० किमीला टॉमी लावून बघितलं तरी चालेल.

टॉर्कपाना

@रबरबुश, जोडीच्या नियमाबद्दल तुमचं बरोबर आहे, पैसा आणि सुरक्षितता यांत मात्र मी बॉल जॉइंटच्या बाबतीत हात आखडता घेणार नाही. ही गाडी नेहमी कुंभार्ली उतरते. फाटक्या बुटाचा जॉइंट पहिल्या पावसाआधी बाहेर काढावा. निर्णय मालकाचा.

वाशिष्ठीकाठ

दोन्ही आर्म घेतो. काम गॅरेजमध्येच करून घेईन, पण समोर उभा राहून. कशावर लक्ष ठेवू?

टॉर्कपाना

हे मुद्दे लिहून सोबत न्या.

लिंक काढताना दोन्ही पुढची चाकं हवेत हवीत. एकच बाजू उचलली तर बार पिळलेला राहतो आणि लिंकचा बोल्ट भोकात ताठ अडकतो. लिंकचा नट सोडताना मधला बॉल फिरायला लागतो. त्याच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिथे ५ किंवा ६ मिमीची ॲलन की घालून धरायचं. खाच गंजून गोल झाली असेल तर नट सरळ कापून काढावा, लिंक नाहीतरी फेकायचीच आहे. नवीन लिंकवर इम्पॅक्ट गन नको. त्याच वेळी स्टॅबिलायझर बारचे मधले दोन रबरी बुश बघून घ्या. बार त्यात सैल हलत असेल तर तेही बदला, किरकोळ काम आहे.

बॉल जॉइंटची दांडी नकलच्या क्लॅम्पमध्ये आडव्या बोल्टने धरलेली असते. त्या दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. म्हणजे बोल्ट सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग क्लॅम्पच्या फटीत चपटी छिन्नी हलकेच घालून फट उघडायची आणि आर्म खाली ओढायचा. नकलवर घण घालू देऊ नका. बसवताना दांडी पूर्ण आत गेली आहे याची खात्री करा. बोल्ट बोटांनी सहज आरपार गेला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर खाच समोर आलेली नाही. तसा ठोकलेला बोल्ट दांडी कापतो, आणि हाच बोल्ट निसटला तर चाक निसटतं. बोल्ट आणि नट नवे वापरा.

आर्म मोकळा झाला की नकल बाहेरच्या बाजूला लोंबू देऊ नका. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट गिअरबॉक्सच्या बाजूने ओढला जाऊन निसटू शकतो, आणि ब्रेकचा पाइप व एबीएस असेल तर त्याची वायर ताणली जाते. तारेने बांधून ठेवायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत सगळ्यात जास्त वेळा चुकणारं. आर्मच्या बुशमधून जाणारे बोल्ट चाक लटकलेलं असताना शेवटचे आवळायचे नाहीत. बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि आर्म हलतो तो रबर पिळूनच. चाक लटकलेल्या अवस्थेत आवळलं तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग नवा बुश वर्षभरातच फाटतो आणि लोक पार्टला नावं ठेवतात. बोल्ट आधी हाताने बसवून घ्या. मग गाडी चार चाकांवर उभी करून, किंवा लिफ्टवर असेल तर बॉल जॉइंटजवळ आर्मखाली जॅक लावून वजन त्यावर येईपर्यंत उचलून, मगच टॉर्क पान्याने शेवटचं आवळा. टॉर्कचे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, वर्कशॉप मॅन्युअलमधलेच वापरा. अंदाजाने ‘कचकचीत’ नको.

म्हापसावाट

बोल्ट निघताना त्रास होईल याची तयारी ठेवा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत बोल्ट बुशच्या लोखंडी नळीतच गंजून चिकटतो. डोकं फिरतं आणि रबर पिळत राहतं, बोल्ट बाहेर येत नाही. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही नाही निघाला तर कापायलाच लागतो, म्हणून आर्मचे बोल्ट-नट आधीच आणून ठेवलेले बरे, नाहीतर गाडी दोन दिवस घोड्यावर. नवीन बसवताना बोल्टच्या मधल्या गुळगुळीत भागावर गंजरोधक पेस्ट हलकी लावा, पुढच्या वेळी सहज निघेल. आट्यांवर लावू नका. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

घाटरस्ता

धागा वाचून विचारतोय. माझ्याकडे वॅगनआर आहे, पुढचे दोन्ही शॉकअप गळतायत. एकाने सांगितलं की शॉकअप रिपेअर करून मिळतात, नव्याच्या एक तृतीयांश पैशात. शिवाय गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालायचा सल्ला मिळाला. करावं का?

रबरबुश

दोन्ही नको.

रिपेअर म्हणजे नळीला भोक पाडून तेल भरायचं आणि वेल्डिंग मारायचं, किंवा सील बदलून बंद करायचं. आतल्या व्हॉल्व्हची झीज तशीच राहते आणि आत कमी दाबाचा वायू भरलेला असतो तो भरला जात नाही. वायू नसेल तर खराब रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि शॉकअप रोखायचं काम सोडतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये तर रॉड नुसता धक्का शोषत नाही, चाकाचा आडवा जोरही त्याच्यावर येतो. म्हणून रॉडला धरणारं आतलं बुशिंग झिजलेलं असतं, आणि ते झिजलं की नवीन सीलसुद्धा पुन्हा गळतं.

बफर स्प्रिंगच्या एका-दोन वेढ्यांना हलू देत नाही. गाडी वर येते हे खरं, पण स्प्रिंग कडक होते. कडक स्प्रिंगची उसळी रोखायला शॉकअपही तितका ताकदवान लागतो. तो असतो जुनाच. परिणामी गाडी उडते, आणि अडकलेल्या वेढ्याच्या कडेला स्प्रिंग मोडण्याचा धोका वाढतो. गाडी बसली असेल तर स्प्रिंगची उंची मोजा, बसलेल्या स्प्रिंग जोडीने बदला.

नवीन स्ट्रट बसवून घेताना: जोडीने बदला. बंप स्टॉप (रॉडवरचा रबरी ठोकळा) आणि धुळीचा बूट नवा टाका, जुना तुकडे पडलेला बंप स्टॉप ठेवला तर नव्या शॉकअपचा शेवट लवकर होतो. बेअरिंगसकट माउंट याच वेळी बदलणं शहाणपणाचं, कारण त्यासाठी पुन्हा सगळं उघडायला लागतं. बसवण्याआधी नवा शॉकअप उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून सोडा. दुकानात आडवा पडून राहिल्यामुळे आत वायू आणि तेल मिसळलेलं असतं, ते जागेवर येतं. चकचकीत रॉडला पकड लावू देऊ नका. एक ओरखडा सील कापायला पुरतो.

आणि स्प्रिंगचं काम घरी करू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. मधला नट स्प्रिंगला धरून आहे की फक्त माउंटला, हे खात्रीने कळल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसरचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराचे) दोन हुक बरोबर समोरासमोर हवेत, आणि आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे. स्प्रिंग वाटीतून सैल होऊन हाताने फिरायला लागली की मगच मधला नट. बसवताना स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलेलं हवं, नाहीतर पहिल्याच वळणाला ती फिरते आणि वाजते. तारा, जुने पट्टे किंवा वरून उभं राहून दाबणं असले प्रकार दिसले तर गाडी तिथून काढा.

घाटरस्ता

समजलं, दोन्ही रद्द. मागूनही रिकाम्या गाडीत खडखड येते. मागे दोन माणसं बसली की कमी होते. तेही शॉकअपच का?

म्हापसावाट

वजन टाकल्यावर कमी होणारी मागची खडखड बहुतेकदा मागच्या शॉकअपच्या वरच्या रबराची असते. रबर आकसलं किंवा नट सैल झाला की रॉड भोकात वाजतो. डिकीच्या आतून किंवा चाकाच्या कमानीतून तो नट बघा, रबर चेपून कडक झालं असेल तर दोन्ही बाजूंचं बदला. त्याआधी मागच्या सीटचा खटका आणि डिकीचं लॉक घट्ट आहे का हे बघून घ्या. खूपदा तेच वाजत असतं. मागून एकदाच जड धप्प येत असेल आणि लेन बदलताना गाडीचा मागचा भाग उशिरा वळल्यासारखा वाटत असेल तर मात्र मागच्या बीमचे (मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) दोन मोठे बुश. तिथेही पोकळीची दिशा आणि वजनावर आवळणं, दोन्ही नियम तेच.

वाशिष्ठीकाठ

काम झालं. दोन्ही आर्म, दोन्ही लिंक, बारचे मधले बुश. डाव्या आर्मचा एक बोल्ट कापावाच लागला, नवीन बोल्ट आधीच आणून ठेवले होते म्हणून अडलं नाही. टकटक आणि धप्प दोन्ही बंद. अलाइनमेंट उद्या. तिथे काय बघू?

टॉर्कपाना

आधी चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, डिकी रिकामी. गाडी मशीनवर चढवल्यावर पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडायला सांगा, म्हणजे नवे बुश बसतात. कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. या गाडीत समोर मुळात टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) जुळवता येतो. कॅम्बरला (समोरून पाहता चाकाच्या कलण्याला) वेगळी सोय नसते, स्ट्रट आणि नकलच्या बोल्टच्या भोकात जितकी ढील असेल तितकंच. कॅम्बर डावीकडे मर्यादेबाहेर दिसला तर आर्म, नकल किंवा स्ट्रट वाकलाय का ते शोधायला लागेल, नुसता टो ओढून लपवू देऊ नका.

टो दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून जुळवायचा. एकाच बाजूचा फिरवला तर आकडा बरोबर येतो पण स्टिअरिंग तिरकं राहतं. नंतर टाय रॉडचे लॉक नट घट्ट केलेत का हे डोळ्याने बघा, आणि बेलोज पिळलेला राहिला असेल तर सरळ करून घ्या, पिळलेला बेलोज फाटतो.

आतली कड झिजलेला टायर मागे टाका, पुढे ठेवलात तर त्याचा आवाज आणि खेच यामुळे उगाच अलाइनमेंटवर संशय येईल. झीज तारेपर्यंत गेली असेल तर मागेही नको, बदलाच. चाकांचे नट हाताच्या टॉर्क पान्याने; छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर लागतात, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. ५०० किमी झाल्यावर लिंकचे नट, आर्मचे बोल्ट आणि क्लॅम्पचा आडवा बोल्ट पुन्हा पान्याने तपासा. क्लॅम्पच्या बोल्टला आत्ताच रंगाची एक रेघ बोल्ट आणि नकलवरून मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की तो फिरलाय हे वाकून बघताच कळेल.